एक्केचाळीस नंबरच्या दोन गाई

राजूर, ता. अकोले
२० ऑक्टोबर १९९७

चि. अश्विनीस,
सप्रेम जय भीम.

तुझ्या आईचा चुलतभाऊ म्हणून हक्काने लिहितो, नाहीतर कंपनीच्या इंजिनिअरला आंतरदेशीय पाठवायची माझी छाती नाही. मार्चमध्ये तू आमच्या डांगी पैदास केंद्रात मशीन बसवून गेलीस. सात महिने त्याने कुरकुर केली नाही. शनिवारपासून मात्र रुसून बसलं आहे. गाईची नोंद भरून बटण दाबलं की इंग्रजीत लिहून येतं की जागा नाही. केंद्राचे आप्पासाहेब डॉक्टर म्हणाले, "रंभाजी, तीनशे बारा गाई सगळ्या डोंगराला पुरत नाहीत, आणि तुझ्या भाचीच्या डब्यात मावत नाहीत?"

मी माझ्या अकलेने अकरा मेलेल्या गाईंच्या फाइली पुसल्या. जागा तसूभर वाढली नाही. सध्या नोंदी वहीत लिहितो आहे.

घाई अशासाठी की २८ नोव्हेंबरला निवड कमिटी येते. पंचवीस गोऱ्ह्यांतून चार वळू निवडायचे, बाकीचे दुसऱ्या दिवशी खच्ची. चिमटा माझ्याच हातात असतो. त्यांत वरच्या वाडीतल्या बनुबाईचा ढग्या आहे. तिच्या मैना गाईचा गोऱ्हा. काळा-पांढरा, खूर दगडासारखे, भाताच्या चिखलात दिवसभर उभा राहिला तरी पाय सुजत नाहीत. असा गोऱ्हा दहा वर्षांत एखादा येतो. पण प्रत्येक गोऱ्ह्यामागे आईचा आणि आजीचा दुधाचा कागद लागतो. आजीचा कागद नसेल तर कमिटीपुढे उभासुद्धा करत नाहीत.

तुझं मशीन रोज दुपारी सगळ्या नोंदींचा फोटो काढून ठेवतं असं तू म्हणाली होतीस. त्या फोटोतून एखादं जुनं परत निघतं का? सहज विचारतो.

तुझ्या आईने विचारायला लावलं आहे. संगमनेरला एक मुलगा आहे, कॉलेजात शिकवतो. त्याचा फोटो माझ्याकडे आहे. पाठवू का?

फोन ऑगस्टपासून मुका आहे. खांब पडला तो पडलेलाच. पत्रानेच कळव.

तुझा,
रंभाजीमामा

०

अहमदनगर
२४ ऑक्टोबर १९९७

प्रिय रंभाजीमामा,
सप्रेम जय भीम.

फोटो पाठवू नका. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे देते.

तुम्ही ज्याला फोटो म्हणता त्याला आम्ही स्नॅपशॉट म्हणतो. मशीन दुपारी दीड वाजता तो घेते, कारण त्या वेळी तुम्ही जेवायला गेलेले असता आणि वीज बहुधा असते. त्यात तीनशे बारा फाइली दिसतात, पण त्या रोज नव्याने उतरवल्या जात नाहीत. कालपासून जी फाईल बदलली, तिचीच नवी प्रत जागा घेते. न बदललेली फाईल तीच असते. तिला फक्त त्या दिवसाच्या तारखेचे आणखी एक नाव मिळते.

म्हणूनच अकरा फाइली पुसून जागा सुटली नाही. तुम्ही त्यांचे आजचे नाव पुसले. कालचे, परवाचे, महिन्यापूर्वीचे नाव शिल्लक आहे. सगळी नावे जाईपर्यंत फाईल डिस्कवरच राहते.

मशीन नव्वद दिवसांचे स्नॅपशॉट ठेवते, त्याहून जुने आपोआप काढते. नव्वद जास्त होतात असे दिसते. सोबतच्या कागदावर पायऱ्या लिहिल्या आहेत. चौथ्या ओळीतला ९० हा आकडा ३० करा आणि शेवटची आज्ञा द्या. साठ दिवसांचे स्नॅपशॉट जातील आणि जागा होईल.

जुनी नोंद स्नॅपशॉटमधून परत निघते. पण ती सोय चुकीसाठी आहे, सवयीसाठी नाही. आकडा बदलण्यापूर्वी एकदा विचार करा: सप्टेंबरअखेरच्या आधीचे काही लागणार आहे का? लागणार असेल तर आकड्याला हात लावू नका, मला कळवा. एकदा गेलेला स्नॅपशॉट कोणालाही परत आणता येत नाही. मलाही नाही.

आईला सांगा, मी जेवते आणि वेळेवर झोपते.

अश्विनी

०

राजूर
२९ ऑक्टोबर १९९७

चि. अश्विनीस,
सप्रेम जय भीम.

कागद मिळाला. तू सांगितलंस तसं सगळं केलं. नव्वदचे तीस केले, शेवटची आज्ञा दिली. पण जागा होती तेवढीच आहे. तुझं काही चुकलं असेल असं मी म्हणत नाही. मशीनच डोंगरातलं झालं असेल, एकदा सांगून ऐकत नाही.

काल बनुबाई ढग्याला वजनाला घेऊन आली. वाडीवरून तीन कोस चालत. काटा होईपर्यंत ऑफिसच्या दारात बसली आणि मशीनकडे टक लावून बघत राहिली.

"दादा, ह्याला इचार ना, माझा ढग्या ऱ्हातोय का न्हाई?"

म्हटलं, "बनुबाई, ते कमिटी ठरवते. मशीन फक्त लिहिलेलं दाखवतं."

"मंग लिवलंय का त्याच्या आजीचं? पवळीचं? लई गुनाची व्हती पवळी."

म्हटलं, "लिहिलंय."

"दाव."

म्हटलं, "आज वीज नाही." डोक्यावर पंखा फिरत होता. तिने पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "व्हय, दिसतंय," म्हणाली आणि ढग्याला घेऊन गेली.

जागेचं काय करायचं ते लिही.

रंभाजीमामा

०

अहमदनगर
३ नोव्हेंबर १९९७

प्रिय रंभाजीमामा,
सप्रेम जय भीम.

तुमचे पत्र आल्यापासून तुमच्या मशीनचा हिशोब कागदावर मांडते आहे.

एक दोष माझा आहे, तो आधी सांगते. प्रत्येक गाईच्या ओळखीसाठी घेतलेला नाकाचा ठसा मी तिच्या नोंदीच्याच फाईलमध्ये ठेवला. चित्र मोठे असते, नोंद छोटी. तुम्ही "लस दिली" एवढी एक ओळ भरली तरी ठशासकट सगळी फाईल बदलली असे मशीन धरते आणि आख्खी नवी प्रत घेते. दर महिन्याच्या दूधमापणीला तीनशे बारा फाइली बदलतात. ऑक्टोबरमध्ये लाळ्या-खुरकुताची लस टोचलीत, तेव्हा पुन्हा सगळ्या बदलल्या. त्याच आठवड्यात डिस्क भरली. हे मला मार्चमध्येच दिसायला हवे होते.

पण यावरून पुढचे कळत नाही. साठ दिवसांचे स्नॅपशॉट गेले, तर दूधमापणीच्या निदान दोन फेऱ्यांच्या प्रती सुटायला हव्यात. म्हणजे डिस्कचा जवळजवळ दोन पंचमांश भाग. शून्य येऊ शकत नाही. मी तीन वेगवेगळ्या प्रकारे मोजले. आज्ञा बरोबर दिली असेल, तर डिस्कच बिघडली आहे, एवढे एकच कारण उरते.

कमिटीला पंचवीस दिवस आहेत, त्यामुळे वाट पाहत नाही. आमच्या कंपनीचे छगनराव बुधवारी, १२ तारखेला, नवी डिस्क घेऊन येतील. चालू नोंदी टेपवर घेऊन नव्या डिस्कवर चढवतील. जुने स्नॅपशॉट घेणार नाहीत, कारण बिघडलेल्या डिस्कवरच्या स्नॅपशॉटवर विश्वास ठेवता येत नाही. जुनी डिस्क पुसून कंपनीत जमा होईल. तुम्ही फक्त खोली उघडी ठेवा आणि त्यांना चहा द्या.

बनुबाईंना पवळीची नोंद दाखवायला काय हरकत होती? फाईल उघडायला जागा लागत नाही.

अश्विनी

०

राजूर
७ नोव्हेंबर १९९७

अश्विनी,

हे पत्र टपालात टाकत नाही. नगरच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे देतो, तो उद्या तुझ्या हातात देईल. वाचून होईपर्यंत छगनरावांना पाठवू नकोस.

डिस्क बिघडलेली नाही. मी तुझा आकडा बदललाच नाही. आज्ञा दिली असं लिहिलं ते खोटं. तीन प्रकारे मोजलंस हे वाचलं आणि मला बसवेना.

बनुबाईची पवळी ९ जुलैला गेली. कड्यावरून घसरली. एक्केचाळीस नंबरचा पितळी बिल्ला तिच्या कानातून मीच काढला. मैनेला दोन वर्षांची कालवड आहे, ढग्याची बहीण. तिला अजून बिल्ला नव्हता. बनुबाई म्हणाली, "पवळीचं नाव तिच्या नातीलाच द्या." मला त्यात वावगं वाटलं नाही. माझ्या आजीचं नाव विमल, माझ्या थोरलीचं नाव विमल. माणूस गेलं की नाव घरात फिरतं, बाहेर जात नाही. २८ जुलैला बिल्ला कालवडीच्या कानात घातला. मग ऑफिसात येऊन मशीनमध्ये एक्केचाळीस नंबर उघडला, पवळीचं सगळं पुसलं आणि कालवडीचं लिहिलं. एका नंबरला दोन गाई कशा ठेवायच्या?

आजी गेली म्हणून आजीचं लिहिलेलं पुसायचं नसतं, हे मला ऑक्टोबरात कमिटीचं पत्र आलं तेव्हा कळलं. ढग्याच्या आजीचा कागद काढायला गेलो, तर एक्केचाळीसवर दोन वर्षांची कालवड. एक वेत नाही, एक थेंब दूध नाही. जुनी रजिस्टरं वाळवीने भरली होती. मशीनमध्ये उतरवून झाल्यावर मेमध्ये मीच ती जाळली. म्हणजे पवळी आता कुठे असली तर तुझ्या फोटोंत. मग ते मी कसे काढू?

तुला का सांगितलं नाही? मशीन घ्या म्हणून आप्पासाहेबांच्या मागे मीच लागलो. भाचीचं नाव मीच सांगितलं. सहा महिन्यांत मीच ते नासवलं असं झालं असतं. शिवाय मेमध्ये मी निवृत्त होतो. तेहतीस वर्षांत माझ्या नोंदीवर कोणी लाल रेघ मारलेली नाही.

पण लपवूनही काही उपयोग झाला नाही. नव्वद दिवसांपलीकडचा फोटो मशीन आपोआप काढतं असं तू लिहिलंस. मी कॅलेंडरवर मोजलं. पवळीचा शेवटचा फोटो २७ जुलैचा. २५ ऑक्टोबरला तो गेला असणार. उघडून बघायची हिंमत झाली नाही. २९ तारखेला ढग्याला चिमटा लावायचा तर लावीन, तेवढं बळ आहे. बनुबाईला काय सांगू ते मात्र सुचत नाही.

रंभाजी

०

तार
अहमदनगर, ८ नोव्हेंबर १९९७

मशीन बंद ठेवा. छगनराव येणार नाहीत. सोमवारी मी येते. अश्विनी.

०

अहमदनगर
१४ नोव्हेंबर १९९७

प्रिय रंभाजीमामा,
सप्रेम जय भीम.

सोमवारी पवळीची फाईल उघडल्यावर तुम्ही बाहेर जाऊन हौदावर तोंड धूत राहिलात, त्यामुळे समजावून सांगायचे राहिले. आता लिहिते. हे पत्र मशीनशेजारच्या खणात ठेवा. तुमच्यानंतर जो येईल त्याला लागेल.

तुमचे मोजणे बरोबर होते. सगळे नीट चालले असते तर २७ जुलैचा स्नॅपशॉट २५ ऑक्टोबरला गेला असता. तो गेला नाही. मी मशीनला सांगून ठेवले होते की नवा स्नॅपशॉट पूर्ण झाल्याशिवाय जुना काढायचा नाही. मला ही सावधगिरी वाटली होती. पण १८ ऑक्टोबरला डिस्क भरली, नवा पूर्ण होईना, म्हणून जुना निघेना, आणि जुना निघेना म्हणून डिस्क भरलेलीच राहिली. मशीन तीन आठवडे रोज दीड वाजता तिथेच अडत होते. त्यामुळे २० जुलैपासूनचे सगळे दिवस तसेच राहिले आणि त्यांत पवळीही राहिली.

ही रचना चुकीची होती. तिने फाईल वाचवली म्हणून ती बरोबर ठरत नाही. फाईल वाचली याचे खरे कारण तुम्ही आकडा बदलला नाहीत हे आहे. मी बदलायला सांगितले होते आणि शेवटच्या आज्ञेने ती त्याच मिनिटाला गेली असती. डिस्क बिघडल्याचा निष्कर्षही माझाच. माणसाने लिहिलेले खोटे असू शकते, हे माझ्या तीनपैकी एकाही हिशोबात नव्हते.

आणखी एक. बिल्ल्याचा नंबर हेच मी फाईलचे नाव केले. बिल्ला कान बदलतो हे मला कोणी सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. आता प्रत्येक जनावराला मशीन स्वतःचा वेगळा क्रमांक देईल. तो पुन्हा कोणाला मिळणार नाही. बिल्ला आत एका ओळीत लिहायचा. पवळीचा बिल्ला एक्केचाळीस आणि तिच्या नातीचाही एक्केचाळीस, दोघी आपापल्या जागी. तुम्ही पुसलेल्या अकरा गाई परत ठेवल्या आहेत. बिल्ला बदललेल्या आणखी पाच सापडल्या, त्याही. यादी सोबत आहे. पाच आहेत हे तुम्ही सांगितले नव्हते.

ठसे वेगळ्या कप्प्यात नेले. ते बदलत नाहीत, त्यामुळे एकदाच जागा घेतील. आता रोजचे स्नॅपशॉट चौदा दिवस राहतील, दर महिन्याच्या पहिल्या तारखेचा वर्षभर. डिस्क ऐंशी टक्के भरली की मशीन तुम्हाला तसे सांगेल, शंभर होईपर्यंत थांबणार नाही. मेलेल्या गाईंची नोंद स्नॅपशॉटवर सोडायची नाही. स्नॅपशॉट जाण्यासाठीच असतात. त्या नोंदींचा कप्पा वेगळा आहे आणि त्याला कात्री नाही.

कमिटीच्या कागदाबद्दल. आजीच्या एका वेताचे दूध नऊशे लिटर हवे अशी अट आहे. पवळीच्या तिसऱ्या वेताचे एक हजार चार लिटर भरते, दोनशे सत्त्याऐंशी दिवसांत. म्हणजे दिवसाला साडेतीन लिटर. सोमवारी तुम्ही बसस्टँडवर माझ्यासमोर दोघांना सात सांगितलेत. कागदावर साडेतीनच जाईल.

डॉक्टरांना काय सांगायचे ते तुम्ही ठरवा. मी त्यांना माझ्या चुकांचे पत्र पाठवले आहे. त्यात तुमच्याबद्दल काही नाही.

बनुबाईंनी दिलेले तांदूळ चांगले आहेत. खोलीभर वास येतो.

अश्विनी

०

राजूर
५ डिसेंबर १९९७

चि. अश्विनीस,
सप्रेम जय भीम.

ढग्या निवडला! चारांत तिसरा. कमिटीचे साहेब त्याच्याभोवती दोनदा फिरले, खूर उचलून बघितले, मग कागद मागितला. मी पवळीचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "हा आकडा खरा वाटतो. बाकीचे सगळे आजीला म्हशीइतकं दूध लिहून आणतात." दुसऱ्या दिवशी एकवीस गोऱ्ह्यांना चिमटा लावला. हात नेहमीसारखा चालला.

आप्पासाहेबांना मी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं. बिल्ल्याचं, रजिस्टरांचं, तुला लिहिलेल्या खोट्याचंही. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "रंभाजी, माझ्या आजीचं नाव मीसुद्धा मुलीला दिलंय. पण आजीच्या सातबाऱ्यावर मुलीचं वय नाही लिहिलं." लाल रेघ मारली नाही. मेलेल्या गाईंचे माझ्याकडचे सुटे बिल्ले मात्र मोजून घेतले आणि स्वतःच्या टेबलात कुलपात ठेवले. नव्या माणसाला मशीन शिकवायचं काम मेपर्यंत माझ्याकडे दिलं आहे.

आता पुढची गंमत. निवडलेला वळू केंद्रात राहतो, हे बनुबाईला तेवीस वेळा सांगितलं होतं. तिने ते एकदाही ऐकलं नव्हतं.

"निवाडला म्हंजी? ठिवून घेनार? मंग मी कशाला निवाडू दिला?"

म्हटलं, "बाई, नाहीतर तो खच्ची झाला असता."

"खच्ची झाला असता तर माझ्या दारात तर ऱ्हायला असता!"

रागाने गेली. ढग्या दोन दिवस केंद्रात राहिला, चारा खाल्ला नाही, १ तारखेला सकाळी कुंपण मोडून पसार. आम्ही तिघे शोधत सुटलो. मला वाटलं, आता बनुबाई त्याला लपवते आणि डोंगर माझ्या अंगावर सोडते. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी बघतो तर फाटकात बनुबाई, हातात दोर, दोराला ढग्या. त्याची जाऊन-येऊन सहा कोसांची पायपीट झालेली.

"घ्या तुमचा जावई," म्हणाली. "माझ्या दारात येऊन हंबारला. म्या म्हनलं, आरं नांदायला दिल्यावर असं पळून येत्यात का? पानी पाजलं आन् आनला."

मग त्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. तो तिच्यासमोर चारा खाऊ लागला. आता दर बाजाराच्या दिवशी येणार म्हणते. काल आली, आल्या आल्या मशीनच्या खोलीत डोकावली आणि पवळीचं पान दाखवायला लावलं. वाचता येत नाही, पण नाकाचा ठसा तिला ओळखू येतो म्हणते.

एक अडचण आहे. ढग्याची केंद्रात दाखल तारीख मी २९ नोव्हेंबर लिहिली होती. तो पळाला आणि १ डिसेंबरला पुन्हा आला. मशीनमध्ये कोणती ठेवू? शिकाऊ माणूस म्हणतो, जुनी खोडून नवी लिहा.

तुझा,
रंभाजीमामा

०

अहमदनगर
९ डिसेंबर १९९७

प्रिय रंभाजीमामा,
सप्रेम जय भीम.

पत्र तीनदा वाचले. ऑफिसात मला हसताना पाहून छगनरावांनी तब्येतीची चौकशी केली.

डिस्क आता एकसष्ट टक्के भरली आहे, असे तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून दिसते. काळजी नाही.

ढग्या केंद्रात दोनदा दाखल झाला. एकदा कमिटीने पाठवला म्हणून आणि एकदा बनुबाईंनी आणला म्हणून. दोन्ही तारखा लिहा आणि दुसरीपुढे कोणी आणला ते नावानिशी लिहा. त्यासाठी एक ओळ वाढवायची सोय मी करून देते.

पहिली खोडू नका.

अश्विनी